दहावी खाच

त्या वर्षांत यवतमाळात दोन गोष्टींना तोटा नव्हता. एक लोडशेडिंग, आणि दुसरी म्हणजे कापसाच्या संकटाचा अभ्यास करायला आलेली माणसं. पांढऱ्या गाड्यांतून उतरायची, गंभीर चेहऱ्याने मान हलवायची, पोहे खायची आणि अंधार पडायच्या आत नागपूर गाठायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या नरहर पिंपळखुटे सरांनी हा वारा बरोबर ओळखला. गृहस्थाचं अख्खं आयुष्य शेवाळात गेलेलं. पण अर्जात त्यांनी 'कापूस' आणि 'संकट' हे दोन शब्द पेरले आणि प्रकल्प मंजूर झाला! सरांना वाटलं होतं, एखादा चांगला मायक्रोस्कोप येईल. खोकी उघडली तर आत वेस्टर्न ब्लॉटचा अख्खा संच. सरांनी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं, चष्मा पुसला आणि शीला मुनेश्वरला हाक मारली.

शीला त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. वय बत्तीस, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. वडील पोस्टात होते. घरात देव नाही, भूत नाही, उपास नाही, नवस नाही. "दिसलं तेवढं सांग, वाटलं ते सांगू नको," हा वडिलांचा धाक. ते जाऊन पाच वर्षं झाली तरी धाक तसाच होता. आता आर्णी रोडच्या घरात ती आणि तिची माय पंचफुला, दोघीच राहायच्या.

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही, आणि सविस्तर सांगायला बसलो तर तुम्ही उठून जाल. म्हणून शीलाने मायला सांगितलं होतं तेवढंच सांगतो. पेशीत डीएनएचा लांबच लांब दोरा असतो. तो रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांचं नाव हिस्टोन. रिळाला ॲसिटिल नावाचं बारीकसं रसायन चिकटलं की दोरा सैल पडतो आणि तिथली जनुकं कामाला लागतात. रीळ सैल, म्हणजे पेशी जागी. कपाशीला पाण्याचा ताण बसला की तिची रिळं किती सैल होतात, एवढंच शीलाला पाहायचं होतं. त्यासाठी पानं वाटायची, हिस्टोन वेगळं काढायचं आणि जेलच्या पातळ वडीला वरच्या कडेला दहा खाचा असतात, त्यांत थेंब थेंब सोडून वीज लावायची. प्रथिनं खाली धावतात. ती पांढऱ्या पडद्यावर उतरवायची आणि तो पडदा दुधात बुडवून ठेवायचा.

"दुधात?" मायने तूर निवडता निवडता हात थांबवला होता.

"दुधाच्या पावडरीत गं. पडद्यावरच्या मोकळ्या जागा दुधाने भरून जातात. मग अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. ती फक्त सैल रीळ शोधते, तिथे बारीक उजेड पडतो आणि एक्स-रेच्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. काळी पट्टी दिसली, म्हणजे जागी पेशी."

"कपाशीची?"

"कपाशीची, माणसाची, बैलाची. हिस्टोन सगळ्यांचं जवळपास सारखंच. अँटिबॉडीला त्यातला फरक कळत नाही."

"मंग काय कामाची थे?" माय म्हणाली. "कोनतरी जागं हाये म्हनते, आन कोन हाये थे सांगतच नाई." आणि ती पुन्हा तुरीतले खडे वेचू लागली.

शीलाचा जीव मात्र त्या काळ्या पट्ट्यांत अडकला होता. नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसरी मिळणार नाही असं विद्यापीठाने कळवलं होतं. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी प्रबंध दाखल झाला तर ठीक, नाहीतर सात वर्षांचं काम पाण्यात. प्रबंध लिहून तयार होता. अडलं होतं एका फिल्मवर. ताणातली कपाशी काळी, पाणी दिलेली फिकी, अशी एक स्वच्छ फिल्म मिळाली की गंगेत घोडं न्हालं.

अँटिबॉडी नागपूरहून थर्माकोलच्या डब्यात, बर्फात, एसटीने आली. डब्यावर 'गार ठेवा' असं लिहिलेलं पाहून ड्रायव्हरला वाटलं कुल्फी आहे. त्याने ती वर्ध्यापर्यंत मांडीवर धरून आणली आणि आत काय आहे हे कळल्यावर सरळ इंजिनच्या झाकणावर ठेवून दिली. तरीही ती जिवंत निघाली. लॅबमध्ये वीज दुपारी यायची तेव्हाच काम. पडद्याच्या दुधावर प्रयोगशाळा परिचर प्रफुल्लचा डोळा, कारण त्याला पावडरीचा चहा फार आवडे. आणि कॉलेजात अंधारखोली नव्हती, म्हणून फिल्म धुवायला भगवानरावांच्या एक्स-रे क्लिनिकच्या मागच्या खोलीत जावं लागे. तिथे मोडलेल्या हाडांच्या रांगेत कपाशीचा नंबर लागायचा.

पहिल्या फिल्मच्या दिवशी भगवानरावांच्या पायऱ्यांवरच शीलाच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. दत्त चौकातल्या चांभाराकडे काळा दोरा संपलेला. त्याने हिरव्याने शिवून दिला आणि वर म्हणाला, "मॅडम, हिरवा मजबूत असते." पाय ओढत, मनातल्या मनात शिव्या घालत ती परत आली तोवर फिल्म सुकली होती.

पहिल्या खाचेत मोजपट्टी, म्हणजे ठरावीक आकारांच्या प्रथिनांचं तयार मिश्रण सोडलेलं, पुढच्या आठांत कपाशी, दहावी रिकामी. फिल्मवर कपाशीच्या पट्ट्या धुरकट आल्या होत्या, असून नसल्यासारख्या. दहाव्या खाचेखाली मात्र काजळाने ओढावी तशी रेघ होती. काळीकुळकुळीत.

"ओघळलं असेल," पिंपळखुटे सर म्हणाले.

"ओघळलं तर नववीतून ओघळेल ना सर? नववी बघा, फिकी आहे. फिक्यातून काळं कसं ओघळेल?"

सरांनी फिल्म उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग अशा वेळी वरिष्ठ माणसं जे करतात ते त्यांनी केलं. "प्रफुल्ल! तू हात लावलास?"

"सर, मी दूध घेतो," प्रफुल्ल छातीवर हात ठेवून म्हणाला. "खोटं काहून बोलू? पन हिस्टोन नाई घेत."

हसण्यासारखं होतं, पण शीलाला हसू येईना. रिकामी खाच रिकामीच दिसली पाहिजे. ती भरलेली दिसली की परीक्षक म्हणणार, बाई, तुमचं सगळंच घाण आहे, यातल्या एकाही पट्टीवर आम्ही विश्वास का ठेवावा? आणि त्यांचं बरोबरच होतं.

तिने सगळी रसायनं नवी बनवली. भांडी आम्लाने धुतली. रिकामी खाच दहावीऐवजी मधोमध, पाचवी ठेवली. रेघ पाचवीत आली. पुढच्या वेळी दुसरी रिकामी ठेवली, तर दुसरीत. त्यानंतर रिकाम्या खाचेत नुसता निळा रंग सोडला. निळ्या रंगात ना पेशी असते ना रीळ. तरी रेघ आली, आणि आधीपेक्षा ठसठशीत आली. शीला आता पेटली. तिने दहाच्या दहा खाचा कपाशीने भरल्या, मोजपट्टीसुद्धा गाळली. बस कुठे बसतेस ते!

त्या दिवशी फिल्म कोरी आली. एकही पट्टी नाही. अख्खी फिल्म धुतलेल्या काचेसारखी आरपार.

"रुसली," प्रफुल्ल म्हणाला.

"कोण रुसली?" शीला कडाडली.

"मले काय माहीत? बोलून गेलो." तो चहा आणायला सटकला. आला तेव्हा त्याच्या जाळीत चार ग्लास होते.

"आपण तिघं आहोत, प्रफुल्ल."

"थ्या मॅडम नाई काय, तुमच्या मांगं स्टुलावर बसल्या होत्या..." त्याने शीलाच्या मागे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. "गेल्या वाटते." आणि चौथा चहा त्याने स्वतःच पिऊन टाकला. चहा वाया घालवणाऱ्यातला तो नव्हता.

शीलाने हे मनावर घेतलं नाही. प्रफुल्लच्या डोळ्यांना आधीच चाळिशी लागलेली, आणि चष्मा तो फक्त क्रिकेट बघताना लावायचा. पण पुढच्या फिल्मच्या वेळी भगवानरावांनीही तिला हटकलं. भगवानराव म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांच्या बरगड्या ओळखणारा माणूस. ते काउंटरवरून म्हणाले, "मॅडम, तुमच्या भैनीले सांगा नं बाहेर याले. मंगापासून अंधारखोलीत उभी हाये. मले पेशंटची फिल्म धुवाची हाये."

"मला बहीण नाही, भगवानराव. एकुलती एक आहे मी."

"मंग तुम्हीच असान. मागून तर तुमच्यासारखीच दिसली." त्यांनी पडदा सरकवून आत डोकावलं. खोलीत कोणी नव्हतं. रसायनाच्या वासात ताज्या भाकरीचा वास मिसळला होता, एवढं शीलाच्या लक्षात आलं. शेजारी कुठेतरी भाकरी भाजत असतील, असं तिने ठरवलं.

मुदत जवळ येत चालली. एक दिवस सर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "शीला, कात्री घे. रिकामी खाच कापून टाक. फोटोत नऊच दाखव. कोण विचारतंय?"

"सर, दिसलंय ना ते?"

"दिसलं. पण दिसलेलं सगळं छापलंच पाहिजे का?"

"माझे वडील असते तर त्यांनी तुम्हाला याच कात्रीने..." ती थांबली. सर काही वाईट माणूस नव्हते. सात वर्षं त्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं, आणि लॅबसाठी घरचा इन्व्हर्टर आणून ठेवला होता; त्यापायी त्यांची बायको रोज संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात स्वयंपाक करत होती. "नाही कापणार सर," ती एवढंच म्हणाली. पण घरी येईपर्यंत तिला रडू आवरेना.

मायने पाणी दिलं, काय झालं विचारलं. शीलाने सगळं सांगितलं. खाच कोणतीही रिकामी ठेवा, भरते. सगळ्या भरल्या तर काहीच येत नाही.

"खाडेच भरून राह्यलं कोनी," माय म्हणाली. कपाशीच्या ओळीत बी उगवलं नाही की जागा मोकळी राहते, तो खाडा. "आमी सरकी डोबाले जावो नं, तवा एका जागी दोन बिया टाकाचो. एक आपली, एक येईल त्याची."

"येईल त्याची म्हणजे कोणाची?"

"कोनाले ठाव! किडा, मुंगी, पाखरू. म्हातार्‍या बाया म्हनत, आमी बी म्हनो. कोनी विचारलं नाई. आता बियानं असं महाग झालं, पाकिटातले दाने मोजून एकएकच टाकतात. येईल त्याचं आता कोन ठेवते?" आणि तिने विषय बदलला, कारण भाजी करपत होती.

शीलाला रात्री नवीनच शंका आली, आणि ती शंका शंभर टक्के शास्त्रीय होती. अँटिबॉडीला कपाशी आणि माणूस यांतला फरक कळत नाही. मग ती रेघ माणसाच्या पेशींची असेल तर? जेलला हात लावणारी एकटी तीच. तिच्याच त्वचेची, थुंकीची घाण कुठून तरी जात असेल. मग सरळ आपल्याच पेशी त्या खाचेत घालून बघू. रेघ जुळली की चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी तिने कापसाच्या बोळ्याने गालाच्या आतून खरवडून पेशी काढल्या. त्यांतलं हिस्टोन वेगळं केलं. मोजपट्टी, आठ खाचांत कपाशी, आणि दहावीत स्वतःचा थेंब. थेंब सोडताना तोंडातून आपसूक निघून गेलं, "येईल त्याचं." तिने जीभ चावली. पण थेंब सुटला होता.

त्या दिवशीची फिल्म बघून पिंपळखुटे सर खुर्चीतून अक्षरशः उठून उभे राहिले. ताणातली कपाशी काळीभोर, पाण्यातली फिकी, कडा सुरीने कापल्यासारख्या. सात वर्षांत अशी फिल्म आली नव्हती. आणि दहावी खाच कोरी.

"बघ! बघ! किती सुंदर! आणि दहावी रिकामी!"

"दहावी रिकामी नाही सर," शीला म्हणाली. "तीत माझ्या पेशी आहेत."

तिने पडदा धुऊन दुसऱ्या अँटिबॉडीत टाकला. ही रीळ सैल की घट्ट ते बघत नाही, रीळ आहे का एवढंच बघते. दहाव्या खाचेत रीळ होतं. भरपूर होतं. फक्त त्यातलं एकही सैल नव्हतं. जिवंत माणसात असं होत नाही. नुकत्याच मेलेल्यातही थोडंफार उरतंच.

"म्हणजे तू झोपेत आहेस," सर हसत हसत म्हणाले. "जा, झोप काढ जरा. लिही, मानवी पेशी, ॲसिटिलेशन आढळलं नाही. दिसलं ते लिहायचं ना तुला?"

तिने तेच लिहिलं. दिसलं होतं ते तेच.

प्रफुल्ल चहा घेऊन आला. एक ग्लास सरांना दिला, एक स्वतःला ठेवला. तिसरा त्याने शीलाच्या मागच्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवला आणि स्टुलाकडे बघत म्हणाला, "घ्या मॅडम, पेढे कवा?" शीलाने मागे वळून ग्लास उचलला. हा मेला चष्मा कधी लावणार, असं तिच्या मनात आलं. चहाला चव लागली नाही. पावडर संपली असेल.

प्रबंध बांधून झाला. सर आणि ती मुदतीच्या शेवटच्या दिवशी अमरावतीच्या एसटीत बसले. कंडक्टरने सरांकडून पैसे घेतले आणि एक तिकीट फाडलं.

"दोन द्या," सर म्हणाले.

"दुसरं कोनाचं? सीटवर बॅग हाये, बॅगेचं तिकीट नाई लागत."

सरांनी आवाज चढवला तेव्हा कंडक्टर वाकून, डोळे बारीक करून बघू लागला. "हां हां, हायेत वाटते," असं म्हणत त्याने दुसरं तिकीट फाडलं. अख्ख्या महामंडळात फुकट प्रवास द्यायला तयार झालेला हा पहिलाच कंडक्टर, म्हणून सर बडनेऱ्यापर्यंत हसत होते. शीलाही हसली. आपलं हसू आपल्याला ऐकू आलं नाही, गाडीचा खडखडाट फार होता.

प्रबंध दाखल झाला. शिक्का बसला. सात वर्षांचं ओझं त्या खिडकीतून पलीकडे गेलं आणि शीलाला रडूच कोसळलं. सरांनी पेढ्यांचा पुडा घेतला, "मायला दे माझ्याकडून," म्हणाले, आणि यवतमाळच्या बसस्टँडवर उतरून स्कूटरवरून घरी गेले. तिला सोडतो म्हणायचं ते विसरले.

ती चालतच निघाली. उन्हं अजून कलायची होती. ऑक्टोबरचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मायला काय काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती. आधी शिक्क्याचं सांगायचं, मग कंडक्टरचं.

घराच्या दाराशी चपलांचा जोड होता.

डाव्या चपलेचा अंगठा हिरव्या दोऱ्याने शिवलेला.

शीलाने खाली पाहिलं. तिच्या पायांत काही नव्हतं. बसस्टँडपासून इथवर डांबर भाजलं कसं नाही?

आतून मायचा आवाज आला. "घे नं वं आनखी एक. किती दिवसानं पोटभर जेवून राह्यली. झालं नं आता थे तुह्यं पीएचडी?"

ताज्या भाकरीचा वास दारापर्यंत आला होता.

"माय!" शीलाने हाक मारली.

आत भांड्याचा आवाज थांबला. "दारात कोनी हाये काय?" माय म्हणाली. "शीले, पाह्य बरं."

"पाह्यते, माय." आवाजात भाकरीचा घास होता.

पाट सरकला. पावलं आली. दार उघडलं आणि दारातली बाई रस्त्याकडे, इकडे तिकडे बघत राहिली. तिची नजर शीलावरून दोनदा गेली. शीलाच्या हातातून पुडा निसटला.

"कोनी नाई वं," ती आत वळून म्हणाली. मग तिला पुडा दिसला. तिने तो उचलला, उघडला, वास घेतला. आनंदाने तिचे डोळे भरून आले. आईपाशी सांगायची चांगली बातमी असली की शीलाचे यायचे, अगदी तसेच.

आत जाता जाता ती थांबली. पुड्यातून एक पेढा काढून तिने उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि दार लावून घेतलं.